दक्षिणेची भिंत

१२ एप्रिल

जागेवर आज खुंट्या ठोकल्या. ही वही त्यासाठीच घेतली. घर कसं उभं राहिलं असं उद्या कोणी विचारलं तर लिहिलेलं असावं. विचारणारं कोणी नाही, हे मला माहीत आहे.

नकाशा मीच काढलाय, चौकटीच्या कागदावर, पेन्सिलीने. काल कचेरीतल्या शिक्केवाल्याने तो आधी उलटा धरला, मग सुलटा धरला, मग परत उलटा करून म्हणाला, "असा हवा का?" मी त्याच्या हातातच कागद फिरवून दिला. "असा हवा." त्याने खांदे उडवले आणि शिक्का मारला. इथली माणसं खांदे फार उडवतात. डोक्याचं काम खांद्यांवर सोपवलं की असं होतं.

दिशा ठरवायला मी होकायंत्र वगैरे आणलं नाही. गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलेलं पुरतं. उगवतीकडे तोंड करायचं आणि दोन्ही हात पसरायचे. डावा हात उत्तर, उजवा दक्षिण, पाठीमागे पश्चिम. भूगोलात मी वर्गात पहिला असे. पृथ्वीचा गोल फळ्यावर काढायला गुरुजी मलाच उठवत. मी हात पसरून उभा होतो तेव्हा गवंडी तोंड उघडं टाकून बघत होता. त्याला वाटलं असेल, साहेब आता उडणार.

घराचा नियम वडिलांचा. त्यांनी घर बांधलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि विटा मोजायला मला बसवलं होतं. ते म्हणायचे, उत्तरेला उघडं, दक्षिणेला बंद. दक्षिणेचं ऊन घर भाजून काढतं; उत्तरेकडून नुसता उजेड येतो, ऊन येत नाही. तेव्हा उत्तरेला जमिनीपासून छतापर्यंत काचा, वर छज्जा नाही, पुढे फरशीचं मोकळं अंगण. दक्षिणेला सलग भिंत, उंदराला शिरायलाही भोक नाही. इतका साधा विचार या अख्ख्या वस्तीत कुणाच्या डोक्यात आलेला दिसत नाही.

बावीस वर्षं मी एका थंड देशातल्या शीतगोदामात काढली. बाहेर बर्फ, आत त्याहून जास्त. गोदाम बंद पडलं तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो आणि हिचा दमा तेरा वर्षांचा. डॉक्टर म्हणाले, समुद्राकाठी, उबदार हवेत राहायला जा. म्हणून हा देश. म्हणून हे घर. सगळं हिच्यासाठी.

हिने मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "घर बांधा तुम्ही. झालं की मी एक महिना राहून बघेन. श्वास नीट चालला तर राहीन. नाही तर लेकीकडे जाईन, आणि मग मला बोलवायचं नाही."

लेकीच्या गावात थंडीही नाही आणि उकाडाही नाही. तिने आईसाठी खोली काढून ठेवली आहे. हिची तपकिरी बॅग आमच्या भाड्याच्या खोलीत पलंगाखाली आहे. वरचे चार कपडे तेवढे बाहेर काढते. बाकी आत, कुलूप लावून.

२० एप्रिल

गवंड्याचं नाव मी होयबा ठेवलं आहे. काहीही सांगा, "हो साहेब." विटा भिजवल्या का? हो साहेब. मग कोरड्या का दिसतात? हो साहेब. त्याची भाषा मला निम्मी कळते आणि माझी त्याला पाव. हिला इथली भाषा भराभर यायला लागली आहे. बाजारातली भाषा, तिला व्याकरण लागत नाही. तेव्हा दुभाषी हीच.

आज होयबाने एकदाच वेगळं तोंड उघडलं. चौथरा बघत बघत तो माझ्या डाव्या हाताला, उत्तरेकडे गेला, आकाशाकडे बोट केलं आणि काहीतरी लांबलचक बोलला.

"काय म्हणतो?"

"तो म्हणतो, ऊन या बाजूने येतं," ही म्हणाली. "इथे काचा लावल्या तर घर तापेल. आणि त्या बाजूची भिंत बंद केली तर वारा अडेल."

मी हसलो. शाळेत न गेलेल्या माणसाने मला उत्तर आणि दक्षिण शिकवावी!

"तो म्हणतोय ते बघा तरी," ही म्हणाली. "माझे कपडेसुद्धा इकडच्याच दोरीवर वाळतात."

"कपडे वाऱ्याने वाळतात."

"वारा तर तिकडून येतो." तिने उजव्या बाजूला हात केला.

बायकांशी वाद घालताना माणूस कपड्यांवर येऊन पोहोचतो. मी होयबाला म्हणालो, नकाशात आहे तसंच. तो म्हणाला, "हो साहेब." त्यानंतर त्याने हा विषय काढला नाही. समजावून सांगितलं की कळतं त्यांना.

मी कुणाचा तिरस्कार करत नाही. देव जे डोळ्यांपुढे आणतो ते लिहितो.

३ मे

शेजारच्या घरात एक निवृत्त दंतवैद्य राहतो. हाही परदेशातून आलेला, आठ वर्षं झाली. गुडघ्यापर्यंत चड्डी, वर उघडा, पोटाचा माठ. दिवसभर जाळीच्या झोळीत पडून असतो. त्याचं नाव मी लोंबकळे ठेवलं आहे.

बरं, झोळी बांधावी तर कुठे? घराच्या मागे, दक्षिणेच्या बाजूला. समोर उत्तरेला एवढा चांगला ओटा मोकळा पडलेला असताना हा गृहस्थ जिथे शहाणा माणूस उभा राहणार नाही तिथे लटकतो. लोकांचे दात उपटण्यात आयुष्य गेलं की दिशांचं भान राहत नसावं.

आज कुंपणावरून ओरडला, "या की! दुसरी झोळी आहे माझ्याकडे."

"मी बसून विश्रांती घेतो," मी म्हणालो.

"एक दिवस पडाल तुम्ही."

"मी पडणार नाही."

"झोळीत म्हणतोय हो!" आणि इतका हसला की झोळी हलायला लागली. ही पण हसली. मला त्यात विनोद दिसला नाही.

१९ मे

या देशात ताडपत्रीसुद्धा धड बांधता येत नाही. मला देखरेखीला बसायला सावली करा म्हटलं तर होयबाने ताडपत्रीची उत्तरेकडची कड पार जमिनीपर्यंत खाली ओढली आणि दक्षिणेकडची बाजू उघडी ठेवली. मी सगळं सोडायला लावलं आणि उलटं बांधून घेतलं. तरी दुपारभर ऊन तोंडावर. खुर्ची पाच वेळा हलवली. सावली नेमकी खुर्चीच्या मागे पडते. ताडपत्री विरळ असणार. इथला माल असाच.

कामकरी जेवायला बसले ते भिंतीच्या दक्षिणेला, एका रांगेत, गुरांसारखे. त्यांतल्या एकाने मला हाताने बोलावलं. मी गेलो नाही. कामाच्या जागी थोडं अंतर राखलेलं बरं.

६ जून

आज दक्षिणेची भिंत कमरेएवढी आली. मी पाण्याच्या टाकीशी होतो, तिथून पाहिलं तर ही भिंतीसमोर उभी राहून दोन्ही हातांनी काहीतरी माप दाखवत होती. एवढं रुंद, एवढं उंच. होयबा मान डोलवत होता. मग त्याने स्वतःच्या हातांनी तेवढंच दाखवलं. ही म्हणाली, थोडं मोठं. तो हसला.

"काय चाललंय?"

"काही नाही," ही म्हणाली. "विचारत होते."

डब्यांसाठी फळी असणार. बायकांना भिंत दिसली की फळी दिसते. फळी खिळ्यांवर बसते, तिने भिंतीचं काही बिघडत नाही.

१४ जून

आज पकडला. दक्षिणेची भिंत दाराच्या उंचीला आली तसं होयबाने मधोमध सहा फूट लांब सिमेंटची आडवी पट्टी ओतली, आत सळया घालून. खिडकीच्या डोक्यावर भार घ्यायला घालतात तशी. आणि खाली खिडकी नाही!

"हे काय आहे?"

"हो साहेब."

"हो काय? इथे खिडकी आहे का?"

"नाही साहेब."

"मग पट्टी कशाला?"

तो हिच्याकडे बघायला लागला. ही म्हणाली, "भिंत लांब आहे. मधे बांधून घेतलेली बरी, म्हणतो."

आयुष्यभर खिडक्याच केल्यावर हाताला दुसरं सुचत नाही. घाण्याच्या बैलाला मोकळं सोडलं तरी तो गोलच फिरतो. राहू दे म्हटलं. सिमेंट ओतून झालं होतं, आणि भिंत मजबूत झाली तर माझं काय गेलं?

हिच्या छातीचा आवाज आज कमी होता. समुद्रावरून वारा येत होता.

२ जुलै

गिलावा सुरू होण्याआधी मी भिंत न् भिंत बोटाने तपासली. दक्षिणेच्या भिंतीत त्या पट्टीखालचे सांधे रंगाने वेगळे दिसले. नख लावलं तर भुगा पडला. सिमेंट नव्हे, माती! पाच फूट रुंद आणि चार फूट उंच एवढ्या तुकड्यात विटा नुसत्या चिखलात बसवलेल्या.

मी आवाज चढवला. होयबा थापी पुसत उभा राहिला. मग तो बराच वेळ बोलला, ही बराच वेळ बोलली, पुन्हा तो बोलला, आणि मधे दोघंही एकदा हसता हसता थांबले असं मला वाटलं.

"काय म्हणतो?"

"तेवढ्या भागावर भार नाही म्हणतो. भार वरची पट्टी घेते. भिंत पडणार नाही."

"पण माती का?"

"सिमेंट संपलं होतं."

"एवढं बोललात, त्यात एवढंच?"

"त्यांची भाषा लांबलचक आहे," ही म्हणाली. "आता गिलावा होईल. दिसणार नाही."

दिसणार नाही! चोराला बरं वाटावं असं बोलते ही कधी कधी. पण पट्टी भार घेते हे खरं आहे, तेवढं मला कळतं. सकाळच्या प्रार्थनेत आज होयबाला सुबुद्धी मागितली. स्वतःसाठी मी काही मागत नाही.

२० ऑगस्ट

राहायला आलो. पहाटे अंघोळ करून देवांना ईशान्येच्या कोपऱ्यात बसवलं, काचेशी, उजेडात. दिवा लावला. घर पांढरंशुभ्र, उजेड असा की डोळे मिटावे. वडील असते तर एक शब्द बोलले नसते, आणि त्यांचं न बोलणं म्हणजे शाबासकी.

हिने स्वयंपाकघर लावलं. डबे, भांडी, सगळं जिथल्या तिथे. बॅग मात्र दाराजवळ उभी करून ठेवली आहे. एक महिना म्हणजे वीस सप्टेंबर.

लोंबकळे घर बघायला आला, चड्डीतच. काचा पाहिल्या, अंगण पाहिलं, मग मागे जाऊन बंद भिंतीवर हात ठेवून उभा राहिला.

"घरात ब्रेड भाजणार आहात की काय?" तो म्हणाला.

"आमच्याकडे देवासमोर असले विनोद करत नाहीत," मी म्हणालो.

२४ ऑगस्ट

घर थोडं गरम वाटतं. नवा गिलावा सुकताना उष्णता सोडतो.

२७ ऑगस्ट

पडदे आणले. जाड, निळे. आता उजेड नाही आणि उकाडा आहे. पडदेवाल्याने खराब कापड दिलं असणार. उद्या जाऊन बोलतो.

१ सप्टेंबर

देवांना वाहिलेली फुलं दहा वाजता कोमेजली. दुपारी मूर्ती पुसायला हात लावला तर चटका बसला. हात मागे घेतला आणि लाज वाटली, देवापासून हात मागे घेतल्याची. अंगणातली फरशी इतकी तापते की दार उघडलं तर आत तव्याची वाफ येते, आणि दार लावलं तर कोंडतं.

काच विकणाऱ्याने फसवलं. या काचा ऊन ओढतात.

पण उत्तरेकडून ऊन येतंच कुठून, हे कळत नाही. बहुधा अंगणावरून उसळून येत असावं.

८ सप्टेंबर

ही जेवण झालं की शेजारी जाते, लोंबकळ्याच्या मागच्या सावलीत. तिथे होयबाची बायको पण येते. तिघं बसून गप्पा मारतात. लोंबकळे झोळीत, या दोघी खाली चटईवर. मला हसण्याचा आवाज इथे येतो. मी घरात बसतो. घर माझं आहे, मी बाहेर का बसू?

हिचा खोकला आत आली की सुरू होतो आणि बाहेर गेली की थांबतो. मी तिला म्हणालो, मनाचं आहे हे. तुला घर आवडायचंच नाही असं तू ठरवून टाकलं आहेस.

तिने दम्याचं औषध काढलं. फवारा तोंडात मारला आणि पाठ टेकून बसली. तिच्या गळ्याशी जी खळगी आहे ती श्वासागणिक आत जात होती. मी तिकडे न बघता पोथी वाचत राहिलो. एकच पान तीन वेळा वाचलं.

१५ सप्टेंबर

लेकीचा फोन आला. मला म्हणाली, "बाबा, एकवीस तारखेचं तिकीट काढलंय आईचं. सकाळचं विमान. तुम्ही वाद घालू नका प्लीज."

"वाद कोण घालतंय?"

"तुम्ही. आत्तासुद्धा."

फोन ठेवला. ही दाराशी उभी होती.

"तू सांगितलंस तिला तिकीट काढायला?"

"महिना होतोय ना."

"घरात काय वाईट आहे सांग. एक गोष्ट सांग. वडिलांच्या नियमाने बांधलंय मी हे."

ती म्हणाली, "तुम्ही रोज सूर्याला हात जोडता ना?"

"रोज. बत्तीस वर्षं. एक दिवस चुकला नाही."

"मग तो पुढे जातो कुठे?"

"जातो कुठे म्हणजे? मावळतीला."

"मधे कुठून जातो?"

"दक्षिणेकडून. हे काय विचारणं झालं?"

"हात जोडताना तुम्ही डोळे मिटता," ही म्हणाली. "आणि उघडता ते कुणाची तरी चूक काढायची असली की."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ही माझ्याशी असं बोलली नव्हती. की बोलली होती आणि मी ऐकलं नव्हतं, ते आता आठवत नाही.

१६ सप्टेंबर

आज प्रार्थना झाल्यावर घरात गेलो नाही. तिचं म्हणणं खोटं ठरवायला अंगणातच खुर्ची टाकून बसलो, उगवतीकडे तोंड करून. डोळे उघडे ठेवून.

आठ वाजता सूर्य समोर होता. नऊला जरा डावीकडे. मी म्हटलं, खुर्ची वाकडी असेल. उठून पाय जुळवून उभा राहिलो, हात पसरले, गुरुजींनी शिकवलं तसे. दहाला डावा खांदा तापला. अकराला डावा कान. बाराला डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजत होता आणि उजवा हात गार होता. सावली उजव्या बाजूला पडली होती, माझ्या बंद भिंतीच्या दिशेने. आणि त्याच बाजूने, भिंतीला वळसा घालून, थोडा थोडा वारा येत होता.

लोंबकळे झोळीतून मान वर करून बघत होता. नशीब, हसला नाही.

धुळीत काटकीने गोल काढला. फळ्यावर काढायचो तसा. मधे आडवी रेघ, वरच्या अर्ध्यात आपला देश, आपलं गाव, आपली शाळा. खालचा अर्धा मी फक्त निळ्या खडूने रंगवत असे. तिथे कोणी राहतं, त्यांनाही दुपार होते, हे कधी मनात आलं नाही. आज मी त्या निळ्या भागात उभा आहे. इथून सूर्य उत्तरेकडून जातो. आपल्याकडून बघितलं तर तो दक्षिणेला, इथून उत्तरेला. सूर्य तोच आहे, आपल्या वाटेवर. चौथीतल्या मुलाला कळेल.

शिक्केवाल्याने नकाशा उलटा धरला होता. तसाच राहू दिला असता तर घर बरोबर झालं असतं.

गोल पायाने पुसला. आत येऊन पडदा लावला. ही विचारत होती जेवता का. मी म्हणालो, भूक नाही.

१७ सप्टेंबर

सकाळी होयबा आला. मी बोलावला नव्हता. हातात छिन्नी आणि हातोडा, खांद्यावर चौकट. खिडकीची चौकट, रंग दिलेली, तयार. ती कालपरवा केलेली नव्हती. रंगावर धूळ बसली होती.

तो बंद भिंतीसमोर उभा राहिला, बोटांनी गिलावा वाजवला आणि नेमका मधे थांबला. मग माझ्याकडे वळला. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याने मला प्रश्न विचारला. हिच्यामार्फत नाही, सरळ मला, मला कळेल एवढ्या शब्दांत.

"फोडू का, साहेब?"

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात फडकं होतं आणि ती ते पिळत होती, कोरडं फडकं.

माझ्या मनात पुष्कळ गोष्टी आल्या. चौकट आधीपासून कुणी करायला सांगितली, माझ्या भिंतीत माती कुणाच्या हुकमाने घातली, या घराचा मालक कोण. जिभेवर सगळं तयार होतं.

मी म्हणालो, "हो."

सिमेंट असतं तर दिवस लागला असता. माती होती. तिसऱ्या घावाला गिलावा सुटला, मग वीट हाताने ओढली तरी येत होती. एकेक वीट तो अख्खी काढून ओळीने लावत होता. पट्टीखाली बरोबर चौकोन उघडा झाला. वर एक भेग नाही. पहिली वीट निघाली त्याच भोकातून वारा असा आत आला की समोरचा निळा पडदा फुगला, आणि टेबलावरच्या या वहीची पानं आपोआप उलटत गेली.

खिडकी बोटभर डावीकडे बसली आहे. मी सांगितलं. होयबा म्हणाला, "हो साहेब." आणि हसला. उद्या उत्तरेच्या काचांवर छज्जा घालायला येतो म्हणाला, आणि अंगणावर मांडव.

तो गेल्यावर मी हिला विचारलं, "कधी सांगितलंस त्याला?"

"जूनमध्ये."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"एप्रिलमध्ये सांगितलं होतं. वहीत बघा. लिहिलं असेल तुम्ही."

बघितलं. लिहिलं आहे. माझ्याच अक्षरात, तिचं बोलणं आणि त्याखाली माझं: कपडे वाऱ्याने वाळतात.

मग मागे मागे वाचत गेलो. शिक्केवाला, होयबा, लोंबकळे, ताडपत्री, पडदेवाला, काचवाला. सगळ्यांना नावं ठेवून झाली होती. एक गाढव तेवढं सुटलं होतं. त्याला मी रोज अंघोळ घालून देवापुढे उभं करत होतो.

१९ सप्टेंबर

अक्षर वाकडं येतंय कारण मी झोळीत आहे. लोंबकळ्याने आपली जुनी झोळी आणून माझ्या खिडकीबाहेर बांधून दिली, दक्षिणेला. मी नको म्हणत होतो. तो म्हणाला, "गप्प पडा." चढताना मी एकदा पालथा पडलो. त्याने तारीख विचारून ठेवली, दरवर्षी आठवण करून द्यायला. झोळी हा माणसाने बसायचा प्रकार नाही, हे मी अजूनही म्हणतो. पाठीला चौकटी उठतात. आणि पोट दुमडतं. माझंही थोडं सुटलं आहे असं इथून दिसतं.

इथून खिडकीतून ही दिसते. काल सकाळपासून फवारा खिडकीच्या कठड्यावरच पडून आहे. एकदाही लागला नाही. पण बॅग दाराशीच आहे, आणि विमान परवाचं. मी काही विचारत नाही. विचारण्याचा हक्क मी एप्रिलमध्येच हसून घालवला. देवाकडे आज पहिल्यांदा स्वतःसाठी मागितलं. काय मागितलं ते इथे लिहीत नाही.

२० सप्टेंबर

महिना झाला. ही बाजारात गेली होती, सकाळभर. आली ती दमून झोपली. खिडकीखाली, वाऱ्यात. तोंड मिटून झोपली होती. कितीतरी वर्षांनी तिला तोंड मिटून झोपलेलं पाहिलं.

मी उठवलं नाही. उद्या टॅक्सी सहाला सांगितली आहे. मीच सांगितली. तिने शब्द दिला होता आणि मी घर दिलं होतं, दोन्ही खरं आहे. तिला जायचं असेल तर बॅग मी उचलणार.

२१ सप्टेंबर

साडेपाचला उठलो. डोळे उघडे ठेवून हात जोडले. ही स्वयंपाकघरात होती, चहाचं भांडं वाजत होतं.

दाराशी गेलो आणि बॅग उचलली. इतकी जड की खांदा खाली आला. अठ्ठावीस वर्षांचा संसार भरला असेल तर जड असणारच, असं मनात आलं, आणि मी दारातच उभा राहिलो. पाऊल पुढे टाकवेना. तेवढ्यात बॅगेतून वास आला.

कुलूप नव्हतं. उघडली. आत कांदे. काठोकाठ. कडेच्या कप्प्यात, जिथे ती तिकीट ठेवते, तिथे लसूण.

"अहो, उचलताय कशाला ती?" आतून आवाज आला. "काल ढीग घेतला. एवढ्या कांद्यांना दुसरं काही सापडेना."

"टॅक्सी येतेय."

"परत पाठवा. लेकीला मी परवाच कळवलंय. तुमच्यापर्यंत बातमी पोहोचायला वेळ लागतो."

मी नाक पुसलं. कांद्याचा वास उग्र असतो.

"खिडकीखाली ठेवा ती," ही म्हणाली. "झाकण उघडं ठेवा. वारा लागला पाहिजे त्यांना."

एका खिडकीपायी माणूस विमान सोडतं, हे मला समजत नाही. पण बॅग नेली, खिडकीखाली ठेवली, झाकण भिंतीला टेकवून उघडं केलं. मग बसलो आणि एकेक कांदा हातात घेऊन पाहिला. नीट बघून घेतलेले नाहीत. चार मऊ निघाले, एकाला कोंब आला होता.

सांगितलं नाही.